देणे माझ्या नावावर मांड

श्रोतेहो,

नव्या करारातील फिलेमोनाला लिहिलेले पत्र जेमतेम 25 वचनांचे आहे. अनेसिम नावाच्या गुलामाला त्याच्या मालकाकडे, म्हणजे फिलेमोनाकडे, परत पाठवताना प्रेषित पौलाने ते तुरुंगातून लिहिले. आपल्या मराठी बायबलात इथे ‘दास’ हा शब्द येतो, आणि ‘विष्णुदास नामा’ ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला तो भक्तीचा वाटतो; मूळ ग्रीक शब्द मात्र दुसऱ्याच्या मालकीच्या माणसाचा आहे, म्हणून आज मी ‘गुलाम’ असेच म्हणेन.

पहिल्या ख्रिस्ती लोकांनी गुलामगिरीला विरोध का केला नाही, या प्रश्नाला आपल्याकडे नेहमी मिळणारे उत्तर असे, की ते मूठभर होते, दुबळे होते आणि प्रभू लवकरच परत येईल या अपेक्षेने जगत होते. यात तथ्य आहे; रोमन सत्तेपुढे दुबळ्यांचे काय होई ते पाहा. इ.स. 61 मध्ये रोमच्या नगरप्रमुखाचा त्याच्याच एका गुलामाने खून केला, तेव्हा त्या घरातील सुमारे 400 गुलामांना, खुनाशी संबंध नसलेल्यांनाही, ठार करण्यात आले.

तरी हे उत्तर मला पुरत नाही, कारण मालकही मंडळीतच, म्हणजे ख्रिस्ती समुदायातच, होते. फिलेमोनाच्या तर घरीच मंडळी जमत असे. सम्राटापुढे उभे राहणे अशक्य असले, तरी घरातल्या गुलामाला मुक्त करण्याची सोय रोमन कायद्यातच होती. दुसऱ्या शतकाच्या आरंभी बिशप इग्नाती लिहितात, की गुलामांनी मंडळीच्या पैशातून सुटका मागू नये. म्हणजे कोणीतरी ती मागत होते!

‘याला मुक्त कर’ असे पौल स्पष्टपणे लिहीत नाही. गुलाम म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून त्याला स्वीकार, असे तो म्हणतो. त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, असे स्वतःच्या हाताने लिहून देतो, आणि शेवटी माझ्या उतरण्याची तयारी ठेव असे सांगून, मी येऊन पाहणार आहे हेही सुचवतो. भावाची मालकी सांगायची कशी, हा पेच मालकाच्या पदरात टाकून तो थांबला.

चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात निस्साचे बिशप ग्रेगरी यांनी जुन्या करारातील उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन करताना मालकांना थेट विचारले, की देवाच्या प्रतिमेचा, म्हणजे माणसाचा, भाव तुम्ही किती नाणी ठरवलात. तोवर सम्राटही ख्रिस्ती झाले होते, दुबळेपणाचे कारण उरले नव्हते. तरीही ग्रेगरींच्या मागे फारसे कोणी उभे राहिले नाही.