रविवार ठरवण्याआधी भरती-ओहोटी बघा

नमस्कार मंडळी. जरा थंडी पडली की गोव्यात एक ठरलेला मेसेज फिरायला लागतो, यंदा सगळे मिळून फोटोग्राफीला जाऊया रे. मग ग्रुप तयार होतो, डीपीला कुणीतरी काढलेला धनेश लागतो, पन्नास जण अंगठा दाखवतात आणि त्यातले दहा येतात. किंवा पन्नासच्या पन्नास येतात, आणि ते जास्त वाईट! तर आज त्यावरच बोलायचंय, हौशी लोकांनी एकत्र जाऊन पक्षी-प्राण्यांचे फोटो काढायचे तर ते जमवायचं कसं. लेन्स कुठली घ्यावी हे मी सांगणार नाही, ते सांगणारे गल्लोगल्ली आहेत.

आधी जागा. सगळ्यांना मोलेच पाहिजे असतं, नाहीतर खोतीगाव, कारण वाइल्डलाइफ म्हटलं की डोक्यात जंगलच येतं. पण जंगलात वीस जण एका पायवाटेवर उभे राहिले की पुढच्या दोघांना पक्षी दिसतो आणि मागच्या अठरा जणांना पुढच्यांच्या टोप्या. वर रानात उजेड कमी, पक्षी उंच झाडावर, आणि एवढे बूट पाचोळ्यावर वाजल्यावर तिथे थांबतंय कोण? म्हणून माझं सरळ मत आहे, मोठा ग्रुप असेल तर उघडं पाणी निवडा. जुन्या गोव्याजवळ करमळीचं तळं आहे, कोकण रेल्वेचं स्टेशन अगदी लागून, हिवाळ्यात तिथे अडया, म्हणजे शीळ घालणारी रानबदकं असतात, जांभळ्या पाणकोंबड्या असतात, कमळपक्षी पानांवरून चालत असतो आणि सगळ्यांना एकाच वेळी दिसतो. कुडचड्याच्या बाजूला नंदा तळं आहे, 2022 साली रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेलं, गोव्यातली ती पहिली रामसर जागा. आणि चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य तर आहेच, पावणेदोन चौरस किलोमीटरचं, रायबंदरहून फेरीबोटीने उतरलात की जवळच.

पण चोडणला जायचं तर कॅलेंडर बघून भागत नाही, भरती-ओहोटी बघावी लागते, आणि आयोजक नेमके तिथेच गंडतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो, मग किनाऱ्यावरचे पक्षी उतरतात, बगळे येतात, खेकडे आणि निवट्या, म्हणजे चिखलात सरपटणारे छोटे मासे, बाहेर पडतात. होडीतून आतल्या खाडीत शिरायचं असेल तर मात्र भरती पाहिजे, नाहीतर होडी रुतते. आता गंमत अशी की भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तास, म्हणजे या रविवारी सकाळी सातला ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी सातला जवळपास भरतीच! म्हणून "हा नको, पुढचा रविवार करूया" असं सहज म्हणून चालत नाही, पुढचा रविवार पूर्ण वेगळा असतो, एकदम पंधरा दिवसांनीच ढकला.

आणि ओहोटीला गेलात तर एक काम करा, खंड्या खंड्या करत सगळे वर बघत असतात तेव्हा तुम्ही खाली चिखलाकडे बघा. पाऊल वाजलं की सगळे खेकडे बिळात, नुसती भोकं दिसतात. मग हलायचं नाही, पाच मिनिटं, डास चावले तरी. आधी एक डोळा वर येतो, मग दुसरा, मग नर बाहेर येऊन आपली ती एकच मोठी नांगी वरखाली हलवायला लागतो, आणि बाजूला निवटी पाठीवरचा पर ताठ करून दुसऱ्या निवटीच्या अंगावर धावून जाते. हा फोटो मोबाईलवालाही काढू शकतो, फक्त खाली बसायची तयारी पाहिजे, कपडे खराब होणार हे धरूनच चला.

माणसं वीस आली तरी पाच-पाचचे गट करा, प्रत्येक गटात एक जाणकार, आणि तो थांब म्हणाला की थांबायचं, मग तुमच्याकडे सहाशे एमएमची लेन्स असो नाहीतर काही नसो. ज्याच्याकडे मोठी लेन्स त्याने मागे उभं राहायचं, पुढे नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी भांडणं मिटतात. तांबडं फुटायच्या आत जागेवर पोचा, डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास वर येतो आणि साडेनऊनंतरचं ऊन फोटोच्या कामाचं नसतं. आदल्या रात्री एसीच्या खोलीत ठेवलेला कॅमेरा तिथे बाहेर काढलात की काचेवर वाफ धरणार, आपली हवाच तशी दमट, तेव्हा जाताना गाडीतला एसी बंद ठेवा. अभयारण्यात तिकीट लागतं, कॅमेऱ्याचे पैसे वेगळे, ते आधी गोळा करून एकानेच भरा. आणि तळ्याकाठी गाड्या लावताना शेतकऱ्याची वाट अडवू नका, तो तिथे कामाला आलेला असतो, आपण मजेला.

एका गोष्टीवर मात्र मी अजिबात ऐकणार नाही, घरट्यावर ग्रुप न्यायचा नाही. तिबोटी खंड्या पावसाळ्यात आपल्याकडे मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो, मुठीएवढा पक्षी, पण इतका रंगीत की बातमी फुटली की ट्रायपॉडची रांग लागते. मग तो चोचीत पाल धरून समोरच्या फांदीवर नुसता बसून राहतो, आत जातच नाही, आणि आत पिल्लं उपाशी. आपल्याला वाटतं वा, काय पोज दिली! 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी डिवचणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं, बंदूक लागत नाही त्याला. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणं, फांदी तोडून घरटं "मोकळं" करणं, बेडूक उचलून सोयीच्या पानावर ठेवणं, हे करणारा कितीही मोठा फोटोग्राफर असला तरी पुढच्या वेळी त्याला बोलवू नका. आणि फोटो टाकताना लोकेशन काढून टाका, "गोवा" एवढं पुरे.

परत आलात की कुठेतरी भाजी-पाव खायला बसायचंच आहे, तर तिथेच फोटो बघा. प्रत्येकाने तीनच दाखवायचे, अडीचशे नाहीत, आणि त्या तीन फोटोंपैकी एक फसलेला, कारण का फसला यावरच खरी चर्चा होते, शटर स्पीड कमी पडला की फोकस मागच्या गवतावर गेला. पक्ष्यांची यादी तिथल्या तिथे ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या ॲपवर भरा, पण एकानेच भरून बाकीच्यांना शेअर करा, नाहीतर करमळीच्या त्याच अडया प्रत्येकाच्या नावावर वेगवेगळ्या मोजल्या जातात.