सातबारा एका संघाचा

(दृश्य: संध्याकाळ. समुद्रालगतचं मैदान. दोन मुलं चुन्याने सीमारेषा आखताहेत. मागे माडांची रांग.)

मे महिना सरत आला की वेंगुर्ल्यापासून रेडीपर्यंत या किनाऱ्यावर दोन घाई असतात. पाऊस पडायच्या आत घराची शाकारणी उरकायची, आणि पाऊस पडायच्या आत शेवटची स्पर्धा खेळून घ्यायची. टेनिस बॉल, मोजकी षटकं, रात्रीचे दिवे, माईकवर मालवणी समालोचन. टी-शर्टवर पुढे ग्रामदेवतेचं नाव, पाठीवर खेळाडूचं, आणि बाहीवर 'संघमालक' म्हणून एक नाव.

बाहीवरच्या त्या नावाचं घर मोडलं की टी-शर्टचं काय होतं, हे मी माझ्या गावात पाहिलं आहे.

आमच्या संघमालकांची मासेमारीची बोट होती. बोट घेताना वहिनींचे दागिने मोडले होते. कागद दादांच्या नावावर होते. बोटीच्या पैशातून संघ चालायचा: प्रवेश फी, टी-शर्ट, बाहेरगावच्या दोन खेळाडूंचं मानधन, सामना संपल्यावर पंधरा जणांचं जेवण. मग दोघं वेगळी झाली. बोट कुणाची यावर दावा पडला, आणि तो अख्खा हंगाम बोट वाळूत झावळ्यांखाली उभी राहिली. संघ कुठल्याच कागदावर नव्हता. त्यामुळे तो कुणी मागितला नाही आणि कुणी सोडलाही नाही. आमचा यष्टिरक्षक या चित्रीकरणात एवढंच बोलला: "आमची टीम मोडूक नाय. ती वाटणीत अडाकली."

वाटणीत अडकणं म्हणजे काय ते कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक वाडीत असं एक घर असतं. सातबाऱ्यावर वीस नावं, दाराला कुलूप, आणि छपराची कौलं सरकलेली. घर कुणाचं ते ठरलेलं नाही, म्हणून शाकारणी कुणी करत नाही. पाऊस मात्र निकालाची वाट बघत नाही.

(दृश्य: लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमचं संग्रहातलं छायाचित्र. भरलेले सज्जे.)

लॉस एंजेलिस डॉजर्स हा अमेरिकेतला नावाजलेला बेसबॉल संघ. २००४ मध्ये फ्रँक मॅकोर्ट आणि त्यांची पत्नी जेमी यांनी तो सुमारे ४३ कोटी डॉलरना घेतला. बहुतेक पैसा कर्जाचा होता. फ्रँक यांनी बोस्टनमधली आपली वाहनतळाची जमीनही त्यासाठी तारण दिली. जेमी वकील होत्या. पुढे त्या संघाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या.

ऑक्टोबर २००९. संघ अंतिम फेरीपासून एका मालिकेवर येऊन ठेपलेला. फिलाडेल्फियाविरुद्धची ती मालिका सुरू होण्याच्या तोंडावर बातमी फुटली की जवळपास ३० वर्षांच्या संसारानंतर हे दोघं वेगळे होत आहेत. डॉजर्स ती मालिका ४-१ अशी हरले. त्या पराभवाचं खापर घरच्या भांडणावर फोडणं मला पटत नाही, समोरचा संघ सरस होता. पण त्याच महिन्यात फ्रँक यांनी जेमींना पदावरून काढलं, आणि संघाच्या कार्यालयातला वाद कोर्टाचा वाद झाला.

आता या गोष्टीतला सगळ्यात कोकणी भाग. नवराबायकोत २००४ साली एक करार झाला होता: घरं जेमींची, धंदा फ्रँक यांचा. हेतू असा की धंदा बुडाला तर सावकारांचा हात घरांपर्यंत पोचू नये. कराराच्या सहा प्रतींवर सह्या झाल्या. खटला उभा राहिल्यावर कळलं की तीन प्रतींत डॉजर्स फ्रँक यांच्या स्वतंत्र मालमत्तेत धरलेले आहेत, आणि तीन प्रतींत त्यातून वगळलेले आहेत. एकच करार, त्याच सह्या, आणि एका शब्दाच्या फरकाने उलटे अर्थ. डिसेंबर २०१० मध्ये न्यायाधीश स्कॉट गॉर्डन यांनी तो करार अवैध ठरवला.

करार गेल्यावर दार उघडलं ते कॅलिफोर्नियाच्या कायद्याला. तिथे संसारात कमावलेली मालमत्ता नवराबायकोची सामाईक, निम्मी-निम्मी. आणि बेसबॉलचा संघ निम्मा करता येत नाही. नऊ खेळाडूंतले साडेचार इकडे, साडेचार तिकडे, असं होत नसतं. दुसऱ्याचा वाटा रोख देऊन संघ ठेवायचा, नाहीतर संघ विकून पैसे वाटायचे.

रोख कुठे होते? संघाची किंमत कागदावर डोंगराएवढी, पण ती जमिनीच्या भावासारखी असते, विकल्याशिवाय हातात येत नाही. फ्रँक यांनी फॉक्स वाहिनीशी १७ वर्षांचा प्रक्षेपण करार करायचं ठरवलं. आगाऊ ३८.५ कोटी डॉलर मिळणार होते, त्यातले जवळपास निम्मे घटस्फोट आणि खासगी देण्यांकडे जाणार होते. म्हणजे पुढच्या १७ हंगामांचं पीक आजच्या वाटणीसाठी गहाण. बेसबॉलचे आयुक्त बड सीलिग यांनी एप्रिल २०११ मध्येच संघाच्या रोजच्या कारभारावर आपला देखरेखीचा माणूस नेमला होता. जूनमध्ये त्यांनी हा करार फेटाळला. आठवडाभरात, २७ जून २०११ रोजी, डॉजर्सनी दिवाळखोरीचा अर्ज केला.

(दृश्य: काळा पडदा. फक्त आवाज.)

संघाकडे ज्यांचे पैसे थकले होते, त्यांच्या यादीत सगळ्यात वर मॅनी रामिरेझ या फलंदाजाचं नाव होतं. तो आदल्याच वर्षी संघ सोडून गेला होता, आणि त्याचं सुमारे २ कोटी १० लाख डॉलरचं मानधन अजून द्यायचं होतं. त्याच यादीत विन स्कली होते. १९५० पासून या संघाचे सामने ऐकवणारा आवाज. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ज्याच्या आवाजात हा संघ ओळखला, त्या माणसाचंही देणं थकलं होतं. मी ती यादी वाचताना त्या नावाशी थांबलो. आमच्याकडे रात्रभर माईक धरणाऱ्या समालोचकाला स्पर्धा संपल्यावर 'उद्या घे' म्हणतात, तो मला आठवला.

प्रेक्षकांनी उत्तर दिलं ते खुर्च्या रिकाम्या ठेवून. २००९ मध्ये हंगामभरात ३७ लाखांहून अधिक तिकिटं गेली होती. २०११ मध्ये आकडा ३० लाखांच्या खाली आला. आणि हे त्या वर्षी, जेव्हा क्लेटन कर्शॉ नावाचा २३ वर्षांचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कारकिर्दीतला पहिला साय यंग पुरस्कार (हंगामातल्या सर्वोत्तम पिचरचा) मिळवत होता. संघ ८२ सामने जिंकला, ७९ हरला. मैदानावरच्या पोरांनी छप्पर डोक्यावर धरून ठेवलं होतं.

ऑक्टोबर २०११ मध्ये जेमींनी सुमारे १३ कोटी डॉलरवर तडजोड केली. सहा महिन्यांच्या आत संघ २१५ कोटी डॉलरना विकला गेला. खरेदीदारांत बास्केटबॉलचे मॅजिक जॉन्सन होते. जेमी पुन्हा कोर्टात गेल्या, आपल्याला खरी किंमत कळू दिली नाही म्हणाल्या. २०१३ मध्ये त्यांची मागणी फेटाळली गेली.

(दृश्य: सॅन डिएगोचा किनारा.)

पण मला जास्त लागतं ते शेजारच्या सॅन डिएगोचं. तिथे आरडाओरडा झाला नाही.

पाद्रेस हा तिथला बेसबॉल संघ, त्याचे तेव्हाचे मालक जॉन मूर्स. २००८ मध्ये त्यांच्या पत्नी बेकी यांनी घटस्फोटासाठी अर्ज केला. त्या हंगामात खेळाडूंच्या पगाराचा खर्च ७ कोटी डॉलरहून अधिक होता. दोन वर्षांत तो ४ कोटींच्या खाली गेला. ट्रेव्हर हॉफमन, वर्षानुवर्षं सामन्याची शेवटची खेळी बंद करणारा माणूस, त्या हिवाळ्यात दुसऱ्या संघाकडे गेला. २००७ चा साय यंग विजेता जेक पीव्ही जुलै २००९ मध्ये शिकागोला दिला गेला.

याला मी शाकारणी न करणं म्हणतो. संघ उभा असतो, सामने होतात, दिवे लागतात. फक्त एकेक कौल निघतं आणि त्या जागी नवं बसत नाही.

तरीही २०१० मध्ये हा फाटक्या छपराचा संघ ९० सामने जिंकला. हंगामाच्या शेवटच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोकडून हरला, बाहेर पडला, आणि ते सॅन फ्रान्सिस्को पुढे विजेते झाले. एक चांगला फलंदाज जास्त असता तर? सॅन डिएगोच्या माणसाला हा प्रश्न आयुष्यभर पुरेल. त्याच डिसेंबरात अॅड्रियन गोन्झालेझ, त्याच शहरात जन्मलेला त्यांचा सर्वांत मोठा फलंदाज, बोस्टनला गेला. संघ अखेर २०१२ मध्ये ८० कोटी डॉलरना विकला गेला.

(दृश्य: तेरेखोलचा किल्ला. खाली नदीचं मुख, पलीकडे केरीची वाळू.)

आता आपल्या घराजवळ. तेरेखोल नदी ही महाराष्ट्र आणि गोव्याची हद्द, पण किल्ला मात्र उत्तर काठावर, म्हणजे आपल्या बाजूला असूनही गोव्यात. सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांनी तो १७४६ मध्ये घेतला. रेडीहून चालत इथवर आलात तर नदी न ओलांडता तुम्ही दुसऱ्या विवाहकायद्यात पाय ठेवता.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची कलमं आजही लागू आहेत. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी-अर्धी. जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात. आपल्याकडचे जे लोक गोव्यात जागा घ्यायला गेलेत, त्यांना हे सह्यांचं प्रकरण चांगलं ठाऊक आहे. कॅलिफोर्नियाचा कायदाही याच कुळातला. तो प्रांत आधी स्पेनकडे, मग मेक्सिकोकडे होता, आणि सामाईक संसाराची कल्पना तिथूनच राहिली.

हद्दीच्या अलीकडे, सिंधुदुर्गात, १९५५ चा हिंदू विवाह कायदा. इथे अर्धा वाटा नाही. ज्याच्या नावावर, त्याचं. कोर्ट कलम २५ खाली कायमची पोटगी ठरवू शकतं, पण संघाच्या मालकीपत्रात बायकोचं नाव आपोआप येत नाही. म्हणून कुणी म्हणेल, बरं झालं, इथे संघ वाचेल. मला तसं वाटत नाही. संघ वाचतो तो तिच्या कष्टांची मोजदाद न करता. जेमी मॅकोर्ट यांना लोकांनी लोभी म्हटलं. ज्या संघाचं कार्यालय त्या चालवत होत्या, त्यातला वाटा मागणं हा लोभ कसा?

आणि वाटा द्यायला हातात पैसा असेल तर संघाला धक्का लागतच नाही. लंडनच्या चेल्सी या फुटबॉल संघाचे तेव्हाचे मालक रोमन अब्रामोविच यांचा घटस्फोट २००७ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी चेल्सी युरोपच्या अंतिम सामन्यात खेळत होता. उलट मोनॅको फुटबॉल संघाचे मालक दिमित्री रिबोलोवलेव यांना मे २०१४ मध्ये जिनिव्हाच्या कोर्टाने पत्नीला ४०० कोटी स्विस फ्रँकहून अधिक देण्याचा आदेश दिला, आणि त्याच उन्हाळ्यात हामेस रॉड्रिगेझ रिअल माद्रिदला, फाल्काव उसनवारीवर मँचेस्टर युनायटेडला गेला. पुढे ती रक्कम खूप कमी झाली. फाल्काव नंतर परतला, रॉड्रिगेझ मात्र गेला तो गेलाच.

(दृश्य: गाव. माजघर. खिडकीतून पडवीचा उजेड.)

वहिनी आता माहेरच्या घरी असतात. आम्ही कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा त्यांनी फडक्यात गुंडाळलेली एक जाड वही काढली. संघाची गुणवही. बारा हंगामांचे सामने, प्रत्येक चेंडू. अक्षर त्यांचंच. मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्या लिहायच्या, हे मी लहानपणापासून बघत होतो, आणि संघाबद्दल कुणाला विचारायचं याची यादी करताना त्यांचं नाव मला सगळ्यात शेवटी सुचलं.

दाव्यात बोटीचं इंजिन लिहिलेलं आहे, जाळी लिहिलेली आहे, बर्फाची पेटीसुद्धा. वही लिहिलेली नाही.

"आता ही कोणाक देऊ?" त्यांनी विचारलं. आमच्यातला यष्टिरक्षक पानं उलटत राहिला. एका पानावर त्याने बोट ठेवलं, तिथे त्याच्या नावापुढे तीन झेल होते. वहिनींनी तारीख वाचली आणि त्या सामन्याला पाऊस आला होता, म्हणाल्या.