पार्श्वभूमीला स्वस्त रंगच बरे

नमस्कार श्रोतेहो.

चित्रं, चिकटवलेले कागद, हाताने लिहिलेल्या ओळी हे सगळं जिथे एकत्र नांदतं, त्या वहीला आर्ट जर्नल म्हणतात. अशी वही सुरू करणारा प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारतो. पानाला आधी रंग द्यायचा आहे, तर तो कोणता घेऊ? दुकानात एकीकडे कलाकारांसाठीच्या महागड्या ट्यूब असतात, दुसरीकडे हस्तकलेच्या सामानात ठेवलेल्या ॲक्रिलिकच्या छोट्या बाटल्या. मी सांगते, बाटल्या घ्या. परवडत नाही म्हणून घ्या, असं मी म्हणत नाही. उद्या हवे तेवढे पैसे हातात आले तरी पानाच्या तळाला द्यायला मी बाटलीतलाच रंग घेईन, आणि त्याला कारण आहे.

ॲक्रिलिक रंगात मुख्यतः तीन गोष्टी असतात. रंगद्रव्याची बारीक पूड, तिला धरून ठेवणारा ॲक्रिलिकचा दुधाळ द्रव आणि पाणी. पाणी उडून गेलं की त्या द्रवातले सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि पानावर प्लॅस्टिकसारखा पातळ पापुद्रा तयार होतो. तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. महाग रंगात पूड भरपूर असते. स्वस्त रंगात ती कमी, आणि उरलेली जागा खडूच्या भुकटीसारख्या भरावाने भरलेली. कॅनव्हासवर मोठं चित्र करणाऱ्याला हा भराव नकोसा वाटतो, कारण त्यामुळे रंगाची धार जाते. वहीतल्या पानाचं मात्र त्याच भरावामुळे भलं होतं. त्याच्यामुळे वाळलेला रंग चकाकत नाही, किंचित खरखरीत राहतो, आणि त्या खरखरीतपणावर पेन धरतं, पेन्सिल उमटते, पुढचा थर पकडून बसतो. महागड्या रंगाचा गुळगुळीत, चकचकीत थर दिलेल्या पानावर लिहून पाहा. बॉलपेन घसरतं आणि शाईचे थेंब होऊन बसतात.

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. चांगल्या रंगाला जास्त पैसे मोजतो त्यातला काही भाग तो उजेडात फिका पडू नये यासाठी असतो. भिंतीवर टांगलेल्या चित्राला त्याची गरज आहे, कारण त्यावर वर्षानुवर्षं उजेड पडतो. जर्नल बहुतेक वेळ मिटलेलं असतं. ज्या गुणाचा आपल्याला उपयोग होणार नाही, त्याचे पैसे का भरायचे? एक अपवाद सांगून ठेवते. निऑनसारखे झगझगीत रंग फार लवकर विटतात. ते वापरलेलं पान उघडं ठेवून उन्हाच्या खिडकीशी मांडू नका.

तशी या रंगांची जातकुळी साधीच आहे. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग कलाकारांच्या हाती आले ते १९५०च्या दशकात, आणि ज्या प्रकारच्या दुधाळ द्रवापासून ते बनले तो घराच्या भिंती रंगवायच्या रंगासाठीही वापरला जाऊ लागला होता. मोठ्या पृष्ठभागावर भराभर पसरावा, लवकर वाळावा, ही त्याची उपजत सवय आहे. पार्श्वभूमीला याहून वेगळं काय हवं?

आता एक बाटली मात्र स्वस्तातली घेऊ नका, ती म्हणजे पांढऱ्याची. स्वस्त पांढऱ्यात झाकण्याची ताकद कमी असते. दोन-तीन थर दिले तरी खालचं डोकावत राहतं, आणि दुसऱ्या रंगात मिसळला तर तो रंग उजळण्याऐवजी दुधट, खडूसारखा होतो. बाटलीवर टायटेनियम व्हाइट असं लिहिलेला जरा बरा पांढरा घ्या. स्वस्त पिवळा आणि लाल हेही बरेचदा अर्धपारदर्शक निघतात. त्यांच्या खाली आधी पांढऱ्याचा हात मारला की दोन्ही रंग खुलतात. म्हणजे चांगल्या पांढऱ्यामुळे बाकीच्या साऱ्या स्वस्त बाटल्यांचं काम सुधारतं, म्हणून पैसे टाकायचेच तर तिथे टाका.

कागदाचं थोडक्यात सांगते. साध्या लिखाणाच्या वहीचा कागद ७०-८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७०-८० ग्रॅम वजनाचा असतो, तो ओल्या रंगाने सुरकुततो. २०० जीएसएमच्या आसपासचा कागद असेल तर चिंता नाही. साधीच वही वापरायची असेल तर दोन पानं एकमेकांना चिकटवून एक करा आणि रंग पातळ न करता लावा. मधली काही पानं कापून टाकली तर आणखी चांगलं, नाहीतर रंग आणि चिकटवलेल्या कागदांनी वही फुगते आणि मिटतच नाही.

ब्रशपेक्षा मला जुनं प्लॅस्टिकचं कार्ड आवडतं. मुदत संपलेलं कुठलंही चालेल. पानाच्या वरच्या कडेला निळ्याचे तीन-चार थेंब टाका, त्यांच्या शेजारी थोडा हिरवा, मध्ये पांढऱ्याचा एखादा थेंब. कार्ड तिरपं धरून एका दमात खालपर्यंत ओढा. कार्डाखालून रंग पट्ट्यापट्ट्यांनी निघतो. कुठे निळा जाड बसतो, कुठे हिरव्यात मिसळून जातो, कुठे कागद तसाच कोरा राहतो. तो कोरा भाग भरायचा मोह आवरा. मधूनच दिसणाऱ्या कागदामुळे पानाला हवा मिळते, आणि नंतर लिहायची जागाही आपोआप सापडते. कार्डाच्या कडेला उरलेला रंग पुसून टाकू नका, त्याची कड पानावर दाबली की बारीक रेघा उमटतात. कार्डाने लावलेला थर इतका पातळ असतो की कागद फारसा भिजत नाही, म्हणून साध्या वहीलाही ही रीत मानवते.

इथे थांबायला शिकणं महत्त्वाचं आहे. निळा आणि नारिंगी, लाल आणि हिरवा, पिवळा आणि जांभळा या जोड्या ओल्या असताना एकमेकींत गेल्या की मळकट तपकिरी होतो. स्वस्त रंगात हे जास्त लवकर होतं, कारण एकाच बाटलीत बरेचदा दोन-तीन रंगद्रव्यं आधीच मिसळलेली असतात. ओल्यावर ओला लावायचा असेल तर शेजारशेजारचे रंग घ्या, निळा-हिरवा किंवा पिवळा-नारिंगी. विरुद्ध रंग हवाच असेल तर खालचा थर पूर्ण वाळू द्या. वाळला की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. हाताची मागची बाजू पानाला हलकेच टेकवा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. घाई असेल तर हेअर ड्रायर चालतो, फक्त लांबून धरा, फार जवळ नेला तर जाड थराला फुगे येतात. आणि ॲक्रिलिक वाळताना थोडा गडद होतो, कारण ओला असताना त्यातला द्रव दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. हवा त्याहून एक छटा फिका रंग लावा.

पाण्याविषयी बजावून सांगते. रंग पुरवून वापरायचा म्हणून काही जण त्यात पाणी ओततात. या रंगांत धरून ठेवणारा द्रव आधीच बेताचा असतो. पाणी फार झालं की तो विरळ होतो, आणि वाळल्यावर बोट फिरवलं तरी रंगाची भुकटी हाताला लागते. जलरंगासारखा पारदर्शक थर हवा असेल तर पाण्याऐवजी ॲक्रिलिकचं मॅट मिडियम, म्हणजे रंगाची पूड नसलेला, वाळल्यावर न चकाकणारा तोच दुधाळ द्रव मिसळा. पांढरा गोंद मिसळायचा सल्लाही तुमच्या कानावर आला असेल. मी तो देत नाही. साधा पांढरा गोंद वाळल्यावरही ओलाव्याने पुन्हा मऊ पडू शकतो, आणि तसं झालं तर वरचे सगळे थर धोक्यात येतात.

पानावर पोत आणायचे प्रकार अनेक आहेत. स्पंज, बबल रॅप, खोक्याच्या पुठ्ठ्याच्या नाळ्या, स्टेन्सिल, काहीही चालतं. त्यातला एक मी मुद्दाम सांगते, कारण तो ॲक्रिलिकच्या स्वभावावरच बेतलेला आहे. वाळलेल्या फिक्या थरावर गडद रंगाचा पातळ थर द्या. मिनिटभर थांबा, मग त्यावर पाण्याचे चार थेंब शिंपडा. थेंबांखालचा रंग ओला राहतो, भोवतालचा वाळू लागतो. आता कोरडं फडकं दाबून उचला. जिथे थेंब होते तिथला गडद रंग फडक्याबरोबर निघून येतो आणि खालचा फिका थर गोल गोल ठिपक्यांनी उघडा पडतो, त्याच्या कडेला गडद रेघेचं कडं. खालचा थर पक्का वाळलेला असल्यामुळे तो जागचा हलत नाही. वेळ साधणं हाच यातला कस आहे. लवकर टिपलं तर सगळाच रंग जातो, उशीर झाला तर काहीच निघत नाही.

लिहायचं तर पान रात्रभर वाळू द्या. वरून कोरडा वाटलेला थर आतून घट्ट व्हायला वेळ घेतो, आणि मऊ थरावर पेनची निब रुतते, तोंड बुजतं. कापसासारख्या टोकाची महाग स्केचपेनं या पृष्ठभागावर लवकर खराब होतात, ती वापरू नका. साधं बॉलपेन, पांढरं जेल पेन, रंगाने भरलेले मार्कर चांगले चालतात.

शेवटचं काम वही मिटण्याआधीचं. समोरासमोरच्या दोन्ही पानांवर ॲक्रिलिक असेल तर दाबाखाली, विशेषतः उष्ण आणि दमट हवेत, ती एकमेकांना चिकटतात. मॅट रंगाची पानं कमी चिकटतात, तरी मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवा. तो नसेल तर पूर्ण वाळलेल्या पानावर पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा हलकेच घासून मऊ कापडाने पुसा. मात्र हे लिहून झाल्यावर करा, मेणावर काही लिहिता येत नाही.

आणि ब्रश किंवा कार्ड धुण्याआधी त्यावर उरलेला रंग पुढच्या कोऱ्या पानावर पुसून घ्या. मोरीत रंग कमी जातो, ब्रश केसांच्या मुळाशी कडक होत नाही, आणि उद्या वही उघडाल तेव्हा पुढच्या पानाचा पहिला थर तयार असतो.