सुतळीतला एक इंच

(घोडबंदर रोड. रात्र, पाऊस, वायपरचा आवाज.)

गायमुखच्या बाजूला भर पावसात रात्री गाडी चालवली असेल तर तुम्हाला माहितीये, नुसतं साचलेलं पाणी कुठलं आणि खड्डा कुठला हे चाक आत गेल्यावरच कळतं. माझ्या दादाला जुलैमध्ये कळलं. मागचा डावा टायर, साइडवॉलला हातभर चीर.

दुसऱ्या दिवशी टायरवाला म्हणाला, साहेब, पुढच्या दोघांत अजून भरपूर माल आहे, मागे जोडी नवी टाका, काम झालं. आता साध्या गाडीसाठी हा सल्ला एकदम बरोबर आहे बरं का, नवे टायर मागेच टाकावेत, ओल्या रस्त्यावर गाडीची मागची बाजू सुटत नाही. पण दादाची गाडी ऑल व्हील ड्राइव्ह, चारी चाकांना ताकद जाणारी, आणि हे ना दादाने सांगितलं ना त्याने विचारलं.

(सोसायटीचं पार्किंग. गाडी जॅकवर, हातात सुतळी.)

हा प्रयोग आम्ही नंतर केला, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. मागच्या नव्या टायरभोवती सुतळी गुंडाळून बरोबर एका वेढ्यावर कापली, मग पुढच्या जुन्या टायरची दुसरी, आणि दोन्ही फरशीवर शेजारी शेजारी ताणून ठेवल्या. दोन्ही टायरवर साइज एकच छापलेला, 235/65 आर17. सुतळीत फरक एक इंचाचा.

नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते, पुढचे घासून 4 वर आले होते. कायद्याने 1.6 पर्यंत चालतं, त्यामुळे कोणी अडवणार नाही. पण 4 मिलिमीटर झिजला की व्यास 8 ने घटतो आणि घेर 25 ने, आणि लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फिरावं लागतं, किलोमीटरला साधारण 5 फेरे जास्त. ठाण्याहून नाशिकला पोचेपर्यंत जवळपास 700.

आता गाडीच्या पोटात काय चालतं बघा. वळणावर चारी चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतातच, आणि वळण संपलं की तो फरकही संपतो. इथे तो संपतच नाही. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये अशा बऱ्याच गाड्यांत एक कपलिंग असतं, आत तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांची चवड, आणि पुढची चाकं घसरायला लागली की कॉम्प्युटर त्या प्लेटा दाबून मागे ताकद पाठवतो. घसरली हे त्याला कळतं कसं? पुढची चाकं मागच्यांपेक्षा जोरात फिरतायत यावरून! थोडाफार फरक तो सोडून देतो, पण त्यापुढे गेलं की त्या बिचाऱ्याला वाटतं गाडी चिखलात रुतलीये, आणि गाडी असते पाम बीच रोडवर, कोरड्या डांबरावर. टायर रस्ता सोडत नाहीत, मग घसरायचं कोणी, तर प्लेटांनी. तेल तापतं, प्लेटा जळतात, बेअरिंगवर नको तो ताण येतो.

(थारवाल्यांनो, हसू नका. तुमचा फोर-एच, म्हणजे चारी चाकांना ताकद देणारा मोड, कोरड्या डांबरावर लावून बघा, मध्ये डिफरेन्शियल नाही, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर नाहीत, चारी टायर एकसारखे असले तरी वळताना सगळं आखडतं.)

दादाला पहिल्यांदा जाणवलं ते पार्किंगमध्येच. स्टिअरिंग पूर्ण कापून हळू वळताना गाडी हिसके द्यायची, कोणी मागून धरल्यासारखी. त्याला वाटलं ब्रेक चिकटतोय. मग एकदा माजिवड्याच्या सिग्नलला जळका वास आला, तो त्याने पुढच्या ट्रकच्या नावावर टाकला. डॅशबोर्डवर दिवा लागला तेव्हा कुठे गाडी वागळे इस्टेटमधल्या गॅरेजला गेली.

(गॅरेज. गाडी रॅम्पवर.)

मिस्त्रीने कपलिंगचा खालचा बोल्ट सोडला, तेल काळंकुट्ट. दोन बोटांत घेऊन चोळलं आणि बोट उजेडात धरलं, त्यावर बारीक चंदेरी चमक, लोखंडाचा भुगा. पुढे काही बोलला नाही, चारी टायरवरून नुसता हात फिरवला. बिल लाखाच्या वर. टायर दोन वाचवले होते.

सुबारू कंपनी तर घेरात पाव इंच, म्हणजे 6 मिलिमीटरच्या वर फरक नको म्हणते, आमचा त्याच्या चौपट. परदेशात एकच टायर गेला तर नवा टायर मशीनवर तासून जुन्यांच्या मापाचा करून देतात, म्हणजे नवा कोरा माल पैसे देऊन घासून घ्यायचा, आपल्याकडे कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. मग चारी बदला, नाहीतर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा, तितकाच झिजलेला शोधा. साइज तोच पण कंपनी वेगळी असेल तरी माप थोडं इकडेतिकडे होतं. आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढचे मागे करत राहा, म्हणजे चारी सारखे झिजतात.

त्या टायरवाल्याकडे दादा अजून जातो. आता गाडी आत शिरली की तो आधी विचारतो, चारी चाकं फिरतात का दोनच? दादा म्हणतो, शिकला बघ, फी मी भरली.