एकच गाडी, रंग मात्र रोज नवा

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय, ब्रिटिश गाडीत अमेरिकन इंजिन घालणारी माणसं. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनच्या तिजोरीत खडखडाट होता, डॉलर हवे होते. सरकारने मोटार कारखान्यांना बजावलं, गाड्या परदेशी पाठवाल तर पोलाद मिळेल. मग ऑस्टिन ए-४०, फोर्ड अँग्लिया अशा चिमुकल्या गाड्या अमेरिकेत उतरल्या. ए-४०चं इंजिन १२०० सीसी, ताकद ४० अश्वशक्ती. तिथल्या लांबलचक हमरस्त्यांवर बिचारीची दमछाक व्हायची. पुढे या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या, आणि हॉट रॉडवाल्या, म्हणजे जुन्या गाड्या वेगासाठी बदलून पळवणाऱ्या, पोरांचे हात शिवशिवले. मूळ इंजिन उपसायचं, तिथे अमेरिकन व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, बसवायचं, पाव मैलाच्या शर्यतीत उतरायचं. गाडीचं नाक मुद्दाम वर उचललेलं, म्हणजे सुटताना भार मागच्या चाकांवर येतो. हलकी गाडी, दांडगं इंजिन. पुन्हा सांगतो, हलकी गाडी, दांडगं इंजिन. आमच्याकडे सायलेन्सर काढून रात्री गल्लीतून फटफटत जाण्याला मॉडिफिकेशन म्हणतात. वेग तोच, झोप तेवढी शेजारच्या आजोबांची उडते. असो.

आता ज्यासाठी मी माइकसमोर बसलोय तो किस्सा. टेक्सासचा कॅरल शेल्बी. कोंबड्या पाळल्या, त्यात बुडाला. शर्यतीत उतरला आणि १९५९ साली फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकला. पण हृदयाने दगा दिला. जिभेखाली गोळी ठेवून गाडी हाकायचा, शेवटी १९६०मध्ये शर्यती सोडाव्याच लागल्या. पुढच्याच वर्षी त्याला कळलं की इंग्लंडच्या एसी नावाच्या मोटार कंपनीला ब्रिस्टल कंपनीचं इंजिन मिळेनासं झालंय. याने पत्र टाकलं, तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-८ घालू या. एसीला सांगितलं इंजिन आहे, फोर्डला सांगितलं गाडी आहे. जवळ दोन्ही नव्हतं!

फेब्रुवारी १९६२मध्ये इंजिनाविना गाडी विमानाने लॉस एंजेलिसला आली. ती नेली डीन मूनच्या वर्कशॉपमध्ये. हा मून हॉट रॉडचे सुटे भाग बनवणारा, त्याच्याकडे काही तासांत फोर्डचं ४.२ लिटरचं इंजिन आत बसलंसुद्धा. सांगतात, लगेच दोघं कॉर्व्हेट ही अमेरिकन स्पोर्ट्स कार शोधायला रस्त्यावर निघाले, जिरवायला.

गाडीचं नाव ठेवलं कोब्रा. मग मासिकवाल्यांची रीघ लागली. गाडी किती? एक. श्रोतेहो, एकच. शेल्बीने काय करावं? एका मासिकाने चालवून परत केली की दुसऱ्याकडे जाण्याआधी नवा रंग! वाचकांना वाटलं, कारखान्यातून कोब्रा धडाधड बाहेर पडतायत. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात झळकली तेव्हा ती पिवळीधमक होती. गाडी तीच. आमच्या लग्नांत एकच शेरवानी तीन भावांना पुरायची, तसा प्रकार. हीच गाडी २०१६मध्ये लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला गेली.

वेळ संपत आलीय, म्हणून झटपट. सनबीम अल्पाइन या नाजूक ब्रिटिश गाडीतही शेल्बीने फोर्डचं व्ही-८ घुसवून दाखवलं. १९६४ला ती सनबीम टायगर म्हणून विकायला आली. पण सनबीम बनवणारी कंपनी पुढे गेली क्रायस्लरच्या ताब्यात, म्हणजे फोर्डच्या प्रतिस्पर्ध्याकडे. क्रायस्लरचं स्वतःचं व्ही-८ त्या बॉनेटखाली मावेना, आणि शत्रूचं इंजिन घालून गाडी किती दिवस विकणार? १९६७मध्ये टायगर बंद झाली. नमस्कार.