बोर्डावरचं सत्तेचाळिसावं मॅटर

(दृश्य: पुणे, शिवाजीनगर. जिल्हा न्यायालयाचं फाटक. सकाळचे साडेदहा.)

अकरा वाजायला अर्धा तास आहे. टायपिंगवाल्यांनी टेबलं मांडलीत, झेरॉक्सपाशी गर्दी झालीय, आणि बेलिफ, कारकून, पोलीस, पक्षकार असे सगळे चहाच्या टपरीभोवती उभे आहेत.

ही मुलगी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. पांढरा शर्ट, काळी पँट, काळा कोट. गळ्यात बँड नाही, अंगावर गाऊन नाही. हा फरक वकिलांना कळतो. पक्षकाराच्या लेखी काळा कोट म्हणजे वकील. फाटकापासून जिन्यापर्यंत तिला तिघांनी अडवलं. तिसरे हे आजोबा. डोक्यावर टोपी, हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीत वीस वर्षांचे कागद.

"वकीलबाई, आज निकाल लागंल का हो माझा?"

"आजोबा, मी वकील नाही. अजून शिकतेय."

"मग शिकलीस की सांग," म्हणून आजोबा जिना चढायला लागले.

वकिलीची सनद नसताना सल्ला द्यायचा नाही, हे ॲडव्होकेट्स ॲक्ट शिकवताना वर्गात सांगतात. पिशवी पुढे करून उभ्या राहिलेल्या माणसाला ते कोणत्या तोंडाने सांगायचं, हे मात्र ज्याचं त्याने बघायचं.

ती इथे आलीय मार्कांसाठी. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत एक विषय असा आहे, ज्याचा लेखी पेपरच नाही. १०० पैकी ३० मार्क मूट कोर्टाचे, म्हणजे काल्पनिक खटल्यात वकील म्हणून उभं राहण्याचे. ३० मार्क प्रत्यक्ष खटले बघण्याचे, त्यात एक दिवाणी आणि एक फौजदारी. ३० मार्क वकिलाच्या किंवा विधी साहाय्याच्या ऑफिसात बसून पक्षकाराशी बोलणं कसं होतं, कागद कसे तयार होतात, ते बघण्याचे. उरलेले दहा तोंडी परीक्षेचे. बघितलेलं सगळं वहीत उतरवायचं. त्या वहीला कॉलेजात जर्नल म्हणतात.

जर्नलचं खरं काय होतं, ते माझ्यावरून सांगतो. माझ्या जर्नलमधला खुनाचा खटला मी पाहिलेलाच नाही. वरच्या वर्गातल्या एकाच्या वहीवरून तो उतरवला. त्याने त्याच्या आधीच्याच्या वहीवरून उतरवला होता. त्यातला आरोपी दरवर्षी निर्दोष सुटायचा. तोंडी परीक्षेला विचारलं, "साक्षीदार किती तपासले?" मी म्हटलं, सात. शेजारच्याला त्याच्या खटल्याचं विचारलं. तोही म्हणाला, सात. मार्क दोघांनाही मिळाले.

(दृश्य: कोर्टरूमचं दार. दाराशेजारी लावलेला आजचा बोर्ड, म्हणजे आजच्या मॅटरची यादी.)

ही मुलगी उतरवत नाहीये. बोर्डावर आज अडुसष्ट मॅटर आहेत, आणि सत्तेचाळिसावा आहे वाटपाचा एक दावा. त्याच आजोबांचा. मागच्या बाकावर कोपऱ्यात ती बसलीय.

शिपाई पुकारा करतो. पहिली वीस-बावीस मॅटर भराभर संपतात. "साहेब, मुदत मिळावी." "से द्यायचाय." "पुरसीस दाखल केलीय." पुस्तकांत यातलं फारसं काही नसतं. पुरसीस म्हणजे पक्षकाराने कोर्टाला दोन ओळींत लेखी कळवलेलं म्हणणं. से म्हणजे समोरच्याच्या अर्जावर आपलं उत्तर. आणि निशाणी पाच! सिव्हिल प्रोसिजर कोडची तात्पुरत्या मनाई हुकमाची ऑर्डर ३९ तोंडपाठ असलेला मुलगाही "निशाणी पाचवर आर्ग्युमेंट आहे" ऐकून गोंधळतो, कारण कोडमध्ये हा आकडा कुठेच सापडत नाही. दाव्याला निशाणी एक आणि तात्पुरत्या मनाई हुकमाच्या अर्जाला निशाणी पाच, ही आपल्या इकडच्या कोर्टांची वहिवाट. ती बाकावर बसूनच कळते.

साडेबाराला ती शेजारच्या फौजदारी कोर्टात जाऊन आली. तिथे पंचाची साक्ष चालली होती. पंच म्हणाला, "सही माझी आहे. आत काय लिहिलंय मला म्हाईत नाही." सरकारी वकील उठले, पंच फितूर झाल्याचं सांगून त्यालाच उलटे प्रश्न विचारायची परवानगी मागितली. मुलीने हे वहीत लिहिलं. पण ती थबकली ती दुसऱ्याच गोष्टीपाशी.

बचावाच्या वकिलांनी विचारलं, "म्हणजे पोलिसांनी सांगितलं म्हणून सही केलीत ना?" पंच नुसता "हां" म्हणाला. न्यायाधीशांनी स्टेनोला मजकूर सांगितला: "हे म्हणणे खरे आहे की, पोलिसांच्या सांगण्यावरून मी सही केली." प्रश्न गायब झाला. वकिलाचे शब्द साक्षीदाराच्या तोंडी गेले. साक्ष सहसा अशीच लिहिली जाते, प्रश्नोत्तरांत नाही, सलग निवेदनात. म्हणून उलटतपासाच्या शेवटाला कागदावर ओळीने सापडतं: "असे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे." असं वाक्य कोणी बोलत नाही. वकिलाने आरोप केला आणि साक्षीदाराने मान हलवली, की त्याचं हे वाक्य होतं. वरच्या कोर्टात अपील जातं तेव्हा तिथल्या न्यायमूर्तींपुढे हा कागद असतो, पंचाचं ते "हां" नसतं. एकदा डोळ्यांनी पाहिलं, की पुढे कुठलीही साक्ष वाचताना त्यातले गाळलेले प्रश्न ऐकू यायला लागतात. माझ्या मते त्या ३० मार्कांत यापेक्षा मोलाचं काही नाही.

आणखी एक. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेत तीनशे अठरामध्ये गेलं, तीनशेदोनचं एकशेतीन झालं. पण गुन्हा आधीचा असेल तर कलम जुनंच लागतं. म्हणजे या बॅचला दोन्ही आकडे डोक्यात ठेवायचेत, आणि पक्षकार अजून कितीतरी वर्षं चारशेवीसच म्हणणार.

(दृश्य: एका वकिलाचं ऑफिस. भिंतभर फायली. संध्याकाळ.)

नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला एकूण १२ आठवडे इंटर्नशिप, पाच वर्षांच्या कोर्सला २०. एका वर्षात सलग चारपेक्षा जास्त आठवडे नाही. लॉ फर्म, कंपनी, स्वयंसेवी संस्था, न्यायाधीश, विधिमंडळ, काहीही चालतं, पण एकदा तरी खटले चालवणाऱ्या वकिलाकडे काढावीच लागते. मुंबईतल्या मोठ्या फर्मकडे कोण जातं आणि गावच्या वकिलाकडे कोण, यात ओळख आणि इंग्रजी दोन्ही येतं. शिवाय बीडहून आलेल्या मुलाला बिनपगारी महिना पुण्या-मुंबईत काढायचा म्हणजे खोलीचं भाडं घरून मागवावं लागतं. नियमात याचा विचार नाही.

पण तालुक्याच्या वकिलाकडे जे शिकायला मिळतं, ते काचेच्या इमारतीत मिळत नाही. पहिला गुरू असतो तिथला कारकून. कोर्ट फी किती, वकिलांच्या वेल्फेअर फंडाचं तिकीट कुठे चिकटवायचं, दस्तऐवज यादी कशी करायची, नकलेचा अर्ज कोणत्या खिडकीत. चुकलात तर सिनिअर बोलत नाहीत, कारकून बोलतो.

मग येतो सातबारा. महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. कायदा मात्र बहुतेक मुलं इंग्रजीतून शिकलेली. त्यांच्यापुढे सिनिअर सातबारा टाकतात आणि म्हणतात, "वाच." वरचा भाग गाव नमुना सात, जमीन कोणाची. खालचा बारा, पीक काय. मुलं नावं वाचतात, क्षेत्र वाचतात आणि थांबतात. सिनिअर बोट ठेवतात 'इतर हक्क' या रकान्यावर. कुळाचं नाव आहे का, सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे का. मग फेरफाराचे नंबर: एकेक फेरफार काढला की कोण कधी वारलं, कोणाच्या बहिणीने हक्कसोड केला, कोणाची बहीण वारस म्हणून लागलीच नाही, हे उलगडत जातं. पक्षकार आजोबांपासून गोष्ट सुरू करतो आणि नेमकं स्वतः केलेलं खरेदीखत सांगत नाही. ते फेरफार सांगतो.

मूट कोर्टाबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्याचं कौतुक बाकी सगळेच करतात. जेसप ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९६० पासून चालते. मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज १८५५ चं, जिथे डॉ. आंबेडकर १९३५ मध्ये प्राचार्य झाले, तेही डी. एम. हरीश यांच्या नावाने आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवतं. दोन्ही बाजूंची लेखी निवेदनं लिहायची, उभं राहायचं, वाक्य अर्ध्यात तोडलं तरी गडबडायचं नाही. हे उपयोगाचं आहेच. फक्त मूटमध्ये घटना छापून हातात मिळतात आणि वाद कायद्याचा असतो. इथे वाद घटनेचाच असतो, आणि घटना साडीच्या दुकानाच्या पिशवीतून बाहेर येते.

(दृश्य: येरवडा. कारागृहाची बाहेरची भिंत, लांबून.)

राज्यघटनेत मोफत कायदेशीर मदतीचं ३९-अ हे कलम १९७६ साली आलं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या १२ व्या कलमाखाली कोठडीतल्या कुणालाही आणि कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. बाईला उत्पन्नाचा दाखला मागायचा नसतो. शिबिरात दाखला मागून परत पाठवलेल्या बायका मी पाहिल्यात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

लॉचे विद्यार्थी या कामात पॅरालीगल व्हॉलंटिअर, म्हणजे वकील नसलेले मदतनीस, होऊ शकतात. पथनाट्य, फ्लेक्स, दीपप्रज्वलन, ग्रुप फोटो हे नेहमीचं. खरं काम असतं हिशेबाचं. फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, ४७९ वं कलम म्हणतं: कच्च्या कैद्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला तर त्याला जामिनावर सोडायचं. पहिलाच गुन्हा असेल, म्हणजे आधी कधी दोषी ठरला नसेल, तर एक तृतीयांश पुरे. जन्मठेपेचे आणि फाशीचे गुन्हे यात नाहीत.

आता साधी चोरी घ्या. जास्तीत जास्त तीन वर्षं. आधी कधी दोषी न ठरलेल्याचं एक वर्ष भरलं की पात्र, नाहीतर अठरा महिने. वाचायला सोपं. पण अटकेची तारीख कुठली धरायची? मधे सुटून परत आत आला होता का? दुसरी केस चालू असेल तर हे कलम लागत नाही, मग ती बघायची कुठे? कायदा म्हणतो, कोर्टाला कळवायचं काम तुरुंग अधीक्षकांचं. पण वही-पेन घेऊन एकेका कैद्यासमोर बसलेला विद्यार्थी असला, तर एखादी हुकलेली तारीख सापडते. आणि कधी जामीन मंजूर होऊनही माणूस आतच असतो, कारण बाहेर जामीनदार राहायला कोणी नाही.

विद्यार्थ्यांना कोर्ट बघू न देण्यावरूनही एक मोठा निकाल झालाय. सुप्रीम कोर्टात सोमवारी आणि शुक्रवारी इंटर्नना आत सोडत नसत. जोधपूरच्या विधी विद्यापीठाचा विद्यार्थी स्वप्निल त्रिपाठी याचिका घेऊन गेला, आणि २६ सप्टेंबर २०१८ ला कोर्टाने थेट प्रक्षेपणाला मान्यता दिली. ते प्रत्यक्षात सुरू झालं २७ सप्टेंबर २०२२ ला. त्या दिवशी घटनापीठापुढे शिवसेनेचा वाद होता. अख्ख्या महाराष्ट्राने मोबाइलवर कोर्ट पाहिलं. ते आपल्यापर्यंत आणणाऱ्यांत एका इंटर्नची याचिका होती, हे फार थोड्यांना माहीत असेल.

(दृश्य: पुन्हा कोर्टरूम. भिंतीवरचं घड्याळ, पाचला दहा कमी.)

सत्तेचाळिसाव्याचा पुकारा झाला. प्रतिवादीच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज. न्यायाधीशांनी अर्जावर लिहिलं, तारीख दिली. सगळं मिळून दीड मिनिट. आजोबांचे वकील पुढच्या कोर्टात धावले. आजोबा पिशवी घेऊन बाहेर आले, आणि व्हरांड्यात काळा कोट दिसला.

"शिकलीस का?"

"समोरच्यांनी मुदत मागितली, आजोबा. कोर्टाने त्यांना दोनशे रुपये दंड केलाय. पुढच्या तारखेला तुमचा उलटतपास आहे."

"म्हंजी?"

"त्यांचे वकील तुम्हाला पिंजऱ्यात उभं करून विचारतील."

"इचारू दे. मला सगळं आठवतंय."

तिने जर्नल उघडून तारीख लिहिली. त्या दिवशी तिचा पेपर आहे. दोनला सुटतो.