उन्हाळी लागली म्हणून सोडून देऊ नका

श्रोतेहो, नमस्कार. लघवीला जळजळ होऊ लागली, की आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धण्या-जिऱ्याचे पाणी प्यायला देतात. पाणी पोटात जाते हे चांगलेच. परंतु घडोघडी लघवीची घाई, गेल्यावर मात्र थेंबभरच लघवी आणि ओटीपोटात कळ, असे होऊ लागले तर तो बहुधा जंतुसंसर्ग असतो.

पुरुषांचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब, तर स्त्रियांचा जेमतेम ४ सेंटिमीटर, आणि त्याचे तोंड गुदद्वाराच्या अगदी जवळ असते. आतड्यात एरवी निमूट राहणारे ई. कोलाय जंतू एवढेसे अंतर सहज ओलांडतात आणि अंगावरच्या बारीक तंतूंनी मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून बसतात. म्हणूनच शौचानंतर पुढून मागे धुवावे. शरीरसंबंधाच्या वेळीही जंतू आत सरकतात. त्यात बाईच्या चारित्र्याचा किंवा अस्वच्छतेचा काहीही प्रश्न नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) कमी होते, योनीमार्गातील रक्षक जंतू घटतात, आणि साठीतल्या आजीलाही हा त्रास पुन्हा पुन्हा होतो.

जंतूंना धुऊन काढण्याची शरीराची स्वतःची सोय म्हणजे लघवी. ती तुंबवली, की त्यांचे फावते. पहाटे घर सोडणाऱ्या एका भाजीवालीच्या पिशवीत दुपारी दोन वाजताही पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली मी पाहिली आहे. ती म्हणाली, “पाणी प्यायले तर जायचे कुठे, डॉक्टरबाई?” मुंबईत २०११ साली स्त्रियांनी स्वच्छ, मोफत मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली, ती याच प्रश्नावर. औषधाची चिठ्ठी मी लिहू शकते, बाजारातली मुतारी मात्र लिहून देता येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तपासणीसाठी सुरुवातीची धार सोडून मधली लघवी स्वच्छ बाटलीत धरावी. जळजळ दोन दिवसांत थांबली, तरी अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस घ्यावे. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. गरोदरपणात काही त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात, त्यामुळे ती तपासणी टाळू नये. आणि थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली पाठीत दुखू लागले, उलट्या झाल्या, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला असू शकतो. अशा वेळी रात्र न काढता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.